राणीचा खोकला घशातला नव्हताच

आमची राणी साडेदहा वर्षांची आहे. पॉमेरियन म्हणून आणली होती, नंतर कळलं की आपल्याकडं पॉम म्हणून विकतात ती बहुतेक स्पिट्झच असतात, तशीच ही, पांढरी, सात किलोची. बेळगावच्या वडगावात घराच्या मागच्या खोलीत आमचे पॉवरलूम आहेत आणि ती लहानपणापासून त्या खडखडाटात खोलीच्या उंबऱ्यावर झोपत आलेली, त्यामुळे जुलैत तिला खोकला लागला तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं सुताची धूळ लागली असणार.

खोकला कसा होता ते सांगते, कारण ओळखता यायला पाहिजे. कोरडा, मोठ्ठा, बदकासारखा आवाज. पुढचे पाय फाकवून उभी राहायची, मान लांब करायची, सात-आठ ठसके आणि शेवटी ओकारी आल्यासारखं करून चमचाभर पांढरा फेस. मामंजी म्हणाले, "घशात हाड अडकलंय बघ." मी बॅटरी लावून तोंडात बघितलं, बोट घालून बघितलं, काही नाही. खोकल्याच्या शेवटी असं ओकल्यासारखं केलं की पुष्कळ लोकांना काहीतरी अडकलंय असंच वाटतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

त्याच्या आठवडाभर आधी संकेश्वरला लग्न होतं म्हणून तिला तीन दिवस बोर्डिंगला ठेवलेली. डॉक्टरांना ते सांगितल्यावर ते म्हणाले केनेल कफ असेल, चार कुत्री एकत्र आली की पसरतो. तसं बघायला गेलं तर बरोबरच होतं ते. गोळ्या दिल्या, सिरप दिलं, पण केनेल कफ दोन-तीन आठवड्यांत जायला पाहिजे, आमचा पाचव्या आठवड्यातसुद्धा तसाच. इंजेक्शन दिलं की दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या रात्री परत तेच. दुसरीकडं नेलं तर तिथंही दार उघडून आत बसायच्या आत "घशाला सूज आहे" म्हणून परत अँटिबायोटिक. छातीला स्टेथोस्कोप कुणी नीट दोन मिनिटं लावला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. सरकारी दवाखान्यात गेले तर तिथल्या कंपाउंडरनं कानडीत विचारलं, "एष्टु दिन आयतु?" म्हटलं दीड महिना झाला की ओ. तो तसाच उठून मोठ्या डॉक्टरांना बोलवायला गेला. इतक्या दिवसांत किती दिवस झाले हे विचारणारा तो पहिला माणूस.

शेजारणीनं माणसांचं खोकल्याचं औषध अर्धा चमचा द्यायला सांगितलेलं, ते मी दिलं नाही आणि बरं झालं. माणसांच्या काही सर्दी-खोकल्याच्या औषधांत पॅरासिटामॉल असतं, काहींत साखरेऐवजी घालतात तो झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, दोन्ही कुत्र्याला विषारी.

खरी भीती बसली ती अनंत चतुर्दशीच्या रात्री. आमच्याकडं मिरवणूक रात्रभर चालते, फटाके, डॉल्बी, सगळं. राणी पलंगाखाली गेली आणि तिथं जो ठसका लागला तो थांबेचना, बाहेर ओढून काढली तर जीभ जांभळट दिसली. मिनिटभरात परत गुलाबी झाली पण माझे हातपाय गळाले. मुलगा हुशार, त्यानं तेवढ्यातही मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवला. तो व्हिडिओच पुढं सगळ्यात जास्त उपयोगाला आला, कारण दवाखान्यात गेलं की ती कधीच खोकत नाही, शहाण्यासारखी बसते.

सरकारी दवाखान्यातल्या त्या मोठ्या डॉक्टरांनी व्हिडिओ तीनदा बघितला, मग डाव्या बाजूला कोपराच्या मागं स्टेथोस्कोप लावून बराच वेळ डोळे मिटून ऐकत बसले. म्हणाले हृदयाचा आवाज बरोबर नाही, मर्मर आहे, म्हणजे ठोक्यांमध्ये फुसफुस असा जादा आवाज येतोय, एक्स-रे काढा. एक्स-रे काढताना तिला आडवी धरून ठेवायला जीव जातो. पण त्यानंतर जे बघितलं ते विसरणार नाही. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला लावली, कागदाची पट्टी घेऊन हृदयाची लांबी मापली, मग रुंदी, आणि ती दोन्ही मापं पाठीच्या मणक्यांवर ठेवून किती मणके भरतात ते मोजलं. बहुतेक कुत्र्यांत साडेदहाच्या आत असतं म्हणे, राणीचं पावणेबारा. वर श्वासनलिका दिसत होती, ती वाढलेल्या हृदयानं मणक्याकडं उचलली गेलेली. तिथं दाब पडतो म्हणून खोकला. फुप्फुसं मात्र काळी स्वच्छ होती, म्हणजे पाणी भरलेलं नव्हतं. ते ऐकून मी तिथंच रडले.

इकोसाठी, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी, कोल्हापूरला जायला सांगितलं. पहाटे निघालो, तवंदी घाटात धुकं, मांडीवर टॉवेलात राणी, कोगनोळीचा नाका ओलांडला तेव्हा उजाडलं. तिथं टेबलाला मध्ये भोक असतं, कुत्र्याला त्यावर कुशीवर झोपवतात आणि खालून प्रोब लावतात. भूल वगैरे काही नाही, मी फक्त तिचं डोकं धरून कानात बोलत होते. डॉक्टर म्हणाले, "ताई, डाव्या बाजूची मायट्रल झडप जाड झाली आहे, नीट मिटत नाही, रक्त मागं गळतंय. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांत हे फार असतं." हार्टवर्म, म्हणजे हृदयात होणारा जंत, डास चावून होतो म्हणून त्याचीही टेस्ट केली, निगेटिव्ह आली.

गोळी आहे पिमोबेंडान. हृदय वाढलंय पण फुप्फुसात अजून पाणी नाही, अशा वेळी ती सुरू केली तर हार्ट फेल्युअर सरासरी १५ महिने पुढं जातं, असा मोठा अभ्यास २०१६ साली छापून आलाय, हे डॉक्टरांनीच सांगितलं. झडप बरी होत नाही, तेही स्पष्ट सांगितलं. रोज दोनदा, बारा तासांच्या अंतरानं, उपाशीपोटी, खाण्याआधी तासभर. बेळगावात दुकानात लगेच मिळाली नाही, मागवून घ्यावी लागली, म्हणून आता दहा गोळ्या उरल्या की सांगून ठेवते.

गळ्यातला पट्टा बंद केला, छातीचा हार्नेस घेतला, पट्ट्याचा ताण नळीवर येतो म्हणून. बिस्किट, पापड, कुंद्याचा तुकडा सगळं बंद. हे फार अवघड गेलं, मामंजी लपून द्यायचे, मग त्यांना एक्स-रे दाखवला, तेव्हापासून नाही देत. सात किलोवरून सहा दोनशेवर आली आहे.

आणि रोज रात्री श्वास मोजते. गाढ झोपली की छाती वर जाऊन खाली आली की एक, असे अर्ध्या मिनिटाचे मोजून दुप्पट करायचे. झोपेत मिनिटाला तीसच्या आत पाहिजेत. सतत तीसच्या वर जायला लागले तर फुप्फुसात पाणी होत असेल, मग सकाळची वाट बघायची नाही, फोन करायचा. देवघरातल्या दिव्याचा उजेड तिच्यावर पडतो तेवढ्यात मी घड्याळ धरून मोजते आणि कॅलेंडरवर आकडा लिहिते. सुरुवातीला हात थरथरायचे, चोवीस आहे का सव्वीस कळायचं नाही, दोनदा-तीनदा मोजायचे.

खोकला पूर्ण गेलेला नाही. पाणी घाईनं प्यायली किंवा मुलगा कॉलेजातून आल्यावर नाचली की दोन-चार ठसके येतात, पण रात्रीचा तो बदकाचा आवाज दोन महिन्यांत ऐकला नाही. पुढचा इको सहा महिन्यांनी आहे. काल रात्री बावीस होते.