'राजपूत' १/३५०: पिछाडीने डोकं वर काढलं

भारतीय नौदलाच्या 'राजपूत' विनाशिकेचं १/३५० मापाचं मॉडेल बांधतोय. डेप्थ चार्जचं (पाणबुडीवर टाकायच्या स्फोटक पिंपांचं) उजवं रॅक डेकवर टेकेना. रॅक निर्दोष निघालं. हल (जहाजाचं धड) काचेवर ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवला, तर पिछाडी १.४ मिमी वर! ३१२ मिमीच्या हलमध्ये एवढा बाक म्हणजे खऱ्या विनाशिकेवर जवळपास अर्धा मीटर.

कारण सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून चिकटवणारा द्रव. १ मिमी स्टायरीनचे (प्लास्टिक शीटचे) थर जोडताना लिक्विड सिमेंट सगळीकडे फिरवलं की सॉल्व्हंट आत कोंडतं. त्यात तळ डबल टेपने पाटाला चिकटलेला, त्यामुळे ते वरूनच सुटलं. वरचे थर आकसले, शेपटी उचलली गेली. नाळेकडे फोकसलचे (पुढच्या उंच डेकचे) जादा थर असल्याने ती बाजू तगली.

गरम पाण्याचा उपाय दोन दिवस टिकतो, मग बाक परत येतो. शेवटी तळातून दर ८ मिमीवर २ मिमीची भोकं पाडली (डेकखालचे दोन थर सोडून), दहा दिवस वजनाखाली ठेवलं आणि खाच काढून ३ मिमी चौरस पितळी पट्टी स्लो इपॉक्सीने बसवली. सुपरग्लू इथे नको, ताण आला की तडकतो. आता फरक ०.२ मिमी. पुढच्या हलला मधल्या थरांना आधीच भोकं, सिमेंट फक्त कडांना. आणि साइनबोर्डवाल्यांकडची शीट घेताना व्हर्नियर (जाडी मोजायचं कॅलिपर) बरोबर न्याच. '१ मिमी' हे तिथे अंदाजे असतं.

चार्ज मात्र झकास जमले. मार्क ७ चं पिंप या मापात २.२ मिमी लांब, १.३ मिमी जाड. १.२ ची काडी घेतली, बाकीचं रंग भरून काढतो.

आता देखाव्याचा बेत बदलतोय. ३-४ डिसेंबर १९७१ च्या मध्यरात्री विशाखापट्टणमच्या चॅनेलमधून बाहेर पडताना 'राजपूत'ने दोन चार्ज टाकले. पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' नेमकी कशाने बुडाली हा वाद वेगळा. जहाजामागे स्फोटांचे कापसाचे दोन फवारे करायचे होते, पण ते कापूसच दिसतात. त्यापेक्षा रॅकमधली दोन पिंपं कमी ठेवायची. जागा रिकामी ठेवायची ती आतल्या टोकाला. उतारावरून उरलेली पिंपं पिछाडीकडे घरंगळतात, तिथे फट दिसली तर चूक.

याच मापात 'गाझी' २७१ मिमी होते, 'राजपूत'पेक्षा जेमतेम चार सेंटिमीटर आखूड. पाण्याचा रेझिन ओतण्याआधी तिचा गडद आकार तळाशी ठेवून पाहायचाय.