तुम्ही विचारलंत म्हणून: दोन तासाच्या मोजणीचे एवढे पैसे कसले?

हा प्रश्न मला लग्नात विचारतात, एसटी स्टँडवर विचारतात, परवा तर दाढी करताना न्हाव्यानं विचारला. त्याच्या मेव्हण्याची जमीन मी मोजली होती. "साहेब, सकाळी दहाला आला, बाराला गेला, आणि साडेआठ हजार?" वस्तरा गळ्यावर असताना माणूस काय उत्तर देणार, हसलो नुसता. म्हणून इथं नीट लिहितो.

मी खाजगी सर्व्हेअर आहे, कराड-पाटणकडं कामं करतो, वीसेक वर्षं झाली. दोन तास हे खरंय, रोव्हर (काठीवर बसवलेलं जीपीएस मशीन) घेऊन बांधानं फिरायला दोन तासच लागतात. पण त्याआधी सातबारा, गट नकाशा, फाळणीची (पोटहिस्से कसे पाडले त्या कागदाची) नक्कल, टिपण (जुन्या मोजणीच्या मापांचा कागद) हे सगळं गोळा करायचं, त्यासाठी भूमी अभिलेखच्या ऑफिसला दोन हेलपाटे ठरलेले. टिपणं शंकू साखळीच्या काळातली, 33 फुटांची साखळी, तिचे 16 भाग, त्यांना आणे म्हणायचे, ते आण्याचे आकडे पुसट शाईतून वाचायचे, मीटरमध्ये करायचे आणि मग आजच्या बांधावर बसवून बघायचे की कुठला कोपरा जुळतोय आणि कुठला सरकलाय. हे रात्री घरी बसून चालतं, ते कुणाला दिसत नाही. शेतात दिसतो तो टोपी घातलेला माणूस आणि त्याच्या हातातली काठी. वर मशीनचा हप्ता, हेल्परची हजेरी, गाडीचं पेट्रोल.

पण खरं सांगू का, हे सगळं समजावून सांगितलं तरी भांडण मिटत नाही, कारण भांडण पैशाचं नसतंच मुळी. वीस वर्षांत जमीन जास्त भरली आणि फी जास्त वाटली असा एकही माणूस मला भेटलेला नाही. कमी भरली की मात्र लगेच "तुमचा रेट जरा जास्तच आहे हां".

एका काकांचं सांगतो. सातबाऱ्यावर 81 आर, म्हणजे दोन एकर (एक आर म्हणजे साधारण एक गुंठाच). मी मोजली तर 77 भरली. काका जागेवरच म्हणाले, "माझे चार गुंठे तू खाल्लेस." वर शेजाऱ्यानं मला पाकीट दिलं असणार हेही बोलून झालं, आणि राहिलेले पाच हजार अडकले ते आठ महिने. फोन उचलायचे नाहीत. पहिले दोन महिने मीही रागात होतो, मेसेजवर मेसेज, त्याचा काही उपयोग झाला नाही. शेवटी एक दिवस मशीन न घेता नुसता टेप घेऊन गेलो आणि म्हणलं काका चला, आपण दोघं मिळून हुडकू तुमचे चार गुंठे. रस्त्याकडच्या बांधाला उभे राहिलो तेव्हा त्यांची आई, नव्वदीची असेल, ओसरीवरून ओरडली, "आरं रस्ता आत घेतला न्हाई का, तुझा बा हुता तवा!" टेप लावला. बांध 130 मीटर, रस्ता 3 मीटर आत आलेला. गुणाकार करा, 390 चौरस मीटर. एक आर म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजे चार आरला दहा चौरस मीटर कमी, बास. जमीन रस्त्यात गेली, सातबाऱ्यावर कमी झालीच नाही. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग तीन हजार दिले आणि पोतंभर भुईमुगाच्या शेंगा. दोन हजार राहिले ते राहिलेच, मी पण सोडले, शेंगा चांगल्या होत्या.

तेव्हापासून एक केलं. क्षेत्र कमी आलं तर नुसता आकडा देत नाही, कुठं गेलं असेल ते जमेल तितकं दाखवून देतो. दरवेळी सापडतंच असं नाही. पण माणूस सोबत चालला की त्याचा संशय कमी होतो. आणि मोजायच्या आधीच स्पष्ट विचारतो, कमी भरली तरी पैसे देणार ना? लोक हसतात, पण हो म्हणतात, आणि ते हो नंतर उपयोगी पडतं.

दुसरी तक्रार म्हणजे "सरकारी मोजणी दोन हजारात होते, मग तुम्ही एवढे कसे घेता?" बरोबर आहे. डिसेंबर 2024 पासून ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला 2000 रुपये आणि द्रुतगतीला 8000. आणि मी उलट सांगतो, शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल, कोर्टात जायचं असेल तर सरकारीच करा, कारण तिथं चालते ती भूमी अभिलेखची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा, माझा नकाशा नाही. ती मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागायची, तीही तिकडंच. माझं काम वेगळं, विकत घ्यायच्या आधी जागा किती भरते बघणं, प्लॉटिंगचा लेआउट, कंपाऊंड, कंटूर (जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा). हे फोनवर सांगितल्यामुळं माझी कामं जातात, बायको म्हणते तुम्ही धंदा करताय की समाजसेवा. पण न सांगून बघितलंय मी. एकानं माझा नकाशा घेऊन थेट तहसील गाठलं, तिथल्या साहेबानं बाजूला सारला, आणि हा गडी पैसे परत मागायला माझ्या दारात. आता नकाशावर खाली ठळक अक्षरात छापतो की ही सरकारी मोजणी नाही.

आता माझी चूक पण लिहितो, नाहीतर तुम्हाला वाटेल सगळे पक्षकारच वाईट. एक बाई, रिटायर शिक्षिका, फोनवर सहा हजार ठरलं. गेलो तर शेजारच्या शेतात दहा-बारा फूट ऊस उभा, कडेला आंब्याची झाडं. टोटल स्टेशन म्हणजे दुर्बिणीतून मोजायचं मशीन, त्याला पलीकडचं दिसत नाही आणि झाडाखाली रोव्हरला सॅटेलाईटचा सिग्नल नीट येत नाही. अर्धं काम करून परत आलो, तोड झाल्यावर पुन्हा गेलो, आणि बिलात दुसऱ्या फेरीचे अडीच हजार लावले. न सांगता. बाईंचा फोन आला, आवाज अजिबात चढलेला नव्हता. "भाऊ, ऊस उभा आहे हे तुम्ही आधी विचारलं असतं तर मी तोडीनंतरच बोलावलं असतं." यावर काय बोलणार? ऊस आहे का हे विचारणं माझंच काम, इतकी वर्षं या भागात राहून. अडीच हजार कमी केले आणि माफी मागितली. त्यांनी नंतर मला दोन कामं मिळवून दिली, पण ती मिळाली नसती तरी ते अडीच हजार माझे नव्हते.

मग आता व्हॉट्सॲपवर आधी मेसेज जातो, गट नंबर, क्षेत्र, काय काय मिळणार, नक्कल काढायचा खर्च वेगळा, ऊस किंवा झाडी असेल तर आधी सांगा नाहीतर दुसऱ्या फेरीचे इतके, निम्मे ॲडव्हान्स, बाकी नकाशा द्यायच्या आधी. "ठीक आहे" असा रिप्लाय आल्याशिवाय गाडी काढत नाही. पहिल्यांदा लाज वाटायची, ओळखीच्या माणसाला असलं काय पाठवायचं म्हणून. खरं तर ओळखीच्यालाच आधी पाठवायला पाहिजे.

शेतकरी पैसे बुडवतात असं लोकांना वाटतं, माझा अनुभव उलटा आहे. सगळ्यात जास्त थकबाकी बिल्डरांची. "पुढच्या साईटला ॲडजस्ट करू" हे वाक्य मी इतकं ऐकलंय की झोपेत पण म्हणेन. माझी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे, छोट्या उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानं जास्तीत जास्त 45 दिवसांच्या आत पैसे द्यायला लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. सगळं माहितीये. केली का कधी? नाही. केली की ते काम गेलं आणि त्याच्या चार दोस्तांची कामंही गेली. मग मी एवढंच करतो की वॉटरमार्कवाली पीडीएफ देतो आणि कॅडची फाईल (कॉम्प्युटरवर पुढं काम करता येतं ती मूळ फाईल) पैसे आल्यावर. काही सर्व्हेअर पैसे अडकले की हद्दीवर ठोकलेल्या खुंट्या उपटून टाकतात, ते मला पटत नाही.

आणि भावाभावांचं काम. तीन भाऊ, वाटणी आपसात करायची, नऊ हजार ठरले, तिघांनी तीन-तीन द्यायचे. थोरल्यानं दिले, मधल्यानं दिले, धाकटा म्हणाला, "तुम्हाला मी बोलावलंच नव्हतं, दादानं बोलावलं." दादाला फोन केला तर दादा म्हणतो, "त्याचं त्याच्याकडनं घ्या." तेव्हापासून नियम, काम कितीही भावांचं असू दे, पैसे एकाच माणसानं द्यायचे आणि मेसेज त्यालाच. धाकट्याचे तीन हजार अजून यायचेत, सहा वर्षं झाली. बाजारच्या दिवशी भेटतो, हात धरून हॉटेलात नेतो, चहा पाजतो, पोराबाळांची चौकशी करतो. पैशाचा विषय तो काढत नाही, मीही काढत नाही. फक्त चहाचे पैसे द्यायला मी खिशात हात घातला की भयंकर चिडतो.