अठरा इंची गेमिंग लॅपटॉप डेस्कटॉपच्या जागी : पहिली नोंद, वॉटच्या हिशेबाने

आधी मशीन. १८ इंची आयपीएस पॅनेल, २५६० × १६००, २४० हर्ट्‌झ. इंटेल कोअर अल्ट्रा ९ २७५एचएक्स, म्हणजे ८ पी-कोअर (वेगवान) आणि १६ ई-कोअर (वीज वाचवणारे), हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामं) नाही. लॅपटॉपचा आरटीएक्स ५०८० जीपीयू (ग्राफिक्स चिप), १६ जीबी व्हीरॅम (त्याची स्वतःची मेमरी). १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम स्टिक, १ टीबी एसएसडी, ३३० वॉटचा अडॅप्टर. वजन साडेतीन किलोच्या घरात, अडॅप्टर त्याहून वेगळा. मांडीवर घ्यायची ही वस्तूच नाही. एका टेबलावरून उचलून दुसऱ्या टेबलावर ठेवता येणारा डेस्कटॉप म्हणूनच तो जोखायला हवा.

या वर्गात सगळ्यात जास्त फसगत होते ती चिपच्या नावावरून. डेस्कटॉपच्या ५०८० मध्ये १०,७५२ कुडा कोअर (ग्राफिक्सचं गणित करणारे घटक) आणि ३६० वॉटची मर्यादा असते. लॅपटॉपच्या ५०८० मध्ये कोअर ७,६८० आणि मर्यादा ८० ते १५० वॉटच्या मधली, लॅपटॉप बनवणाऱ्याला परवडेल ती. वर डायनॅमिक बूस्टचे, म्हणजे सीपीयूच्या वाट्यातून जीपीयूला मिळणारे, २५ वॉटपर्यंत. म्हणजे एकच स्टिकर लावलेले दोन लॅपटॉप प्रत्यक्षात निम्म्या-दुप्पट ताकदीवर चालवले जात असू शकतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. म्हणून डबा फोडल्यावर पहिलं काम हे : एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडायचं, सिस्टम इन्फर्मेशनमध्ये जायचं आणि ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ ही ओळ वाचायची. इथे १७५ आलं, म्हणजे १५० अधिक २५. मात्र हे वरचे २५ वॉट सीपीयू निवांत असेल तेव्हाच मिळतात.

त्याआधीच्या दोन गोष्टी घाईत राहून जातात. एक, बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करण्यापूर्वी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या ड्राइव्ह-एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की काढून दुसऱ्या उपकरणावर ठेवा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की ड्राइव्ह अनेकदा आपोआप एन्क्रिप्ट होतो. बायॉस बदलला की टीपीएमचा (की सांभाळणाऱ्या सुरक्षा चिपचा) ताळा जुळत नाही आणि स्क्रीन थेट ४८ अंकी की मागते. दोन, रॅम बदलल्यावर किंवा बायॉस अपडेटनंतर पहिल्या बूटला स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. डीडीआर५ चं मेमरी ट्रेनिंग, म्हणजे नव्या रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं. ‘बंद पडला’ म्हणून पॉवर बटण दाबून धरलं की ते पुन्हा पहिल्यापासून.

उष्णता आणि वॉट

एचडब्ल्यूइन्फो (तापमान आणि वॉट दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून तीन आकड्यांवर डोळा ठेवायचा : सीपीयू पॅकेज पॉवर, जीपीयू पॉवर आणि ‘परफॉर्मन्स लिमिट’चे रकाने. शेवटचे रकाने सांगतात की घड्याळ (चिपचा वेग) कशामुळे खाली आलं, तापमानामुळे की पॉवरच्या मर्यादेमुळे. हे कळल्याशिवाय कूलिंग पॅड, थर्मल पेस्ट, फॅन कर्व्ह यांतलं काहीही बदलणं म्हणजे अंधारात काठी मारणं.

सिनेबेंच या सीपीयू-चाचणीचा दहा मिनिटांचा लूप लावला की सीपीयू सुरुवातीला १६० वॉटपर्यंत उडी मारतो, ही या चिपची कमाल टर्बो मर्यादा. ती फार वेळ टिकत नाही. १३० च्या आसपास स्थिरावतो आणि कोअर नव्वदीच्या वरच्या टोकाला जातात. या चिपची तापमानाची कमाल १०५ अंश, तेव्हा ९५ बघून घाबरायचं कारण नाही. बघायचं ते वेगळंच : प्रत्येक पी-कोअरचं तापमान शेजारी-शेजारी. आठ-दहा अंशांचा फरक चालतो. पण तीन कोअर शंभरीला टेकलेत आणि बाकीचे सत्तरीत रेंगाळतायत, असं दिसलं तर कोल्ड प्लेट (चिपवर टेकणारी, उष्णता ओढणारी पट्टी) नीट बसलेली नाही किंवा लिक्विड मेटल (पेस्टऐवजी वापरलेला पातळ धातू) एका बाजूला सरकलंय. अशी मशीन परतीच्या मुदतीत बदलून घ्यावी. लिक्विड मेटल वीजवाहक असतं आणि त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं; स्वतः उघडून पेस्ट बदलायचा मोह इथे महागात पडतो.

जीपीयूसाठी थ्रीडीमार्कची टाइम स्पाय स्ट्रेस टेस्ट पुरेशी आहे. वीस फेऱ्या होतात आणि पास व्हायला ९७ टक्के फ्रेम-रेट स्थिरता लागते. ती पास झाली तरी एकट्या जीपीयूची परीक्षा झाली, इतकंच. खरा गेम दोघांना एकदम राबवतो, आणि खरी गंमत तिथे आहे.

हिशेब करून बघा. १६० अधिक १७५ म्हणजे ३३५. अडॅप्टर २० व्होल्टला १६.५ अँपिअर, म्हणजे ३३० वॉट. त्यातच स्क्रीन, पंखे, रॅम आणि एसएसडी. म्हणजे दोन्ही चिपा एकदम आपल्या कमाल मर्यादेवर कधीच चालणार नाहीत. फर्मवेअर सतत एकाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढत असतं. शिवाय बहुतेक मशीनांत दोघांच्या हीट पाइप एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे सीपीयूने उधळलेला प्रत्येक वॉट जीपीयूच्या कूलिंगमधून वजा होतो.

म्हणूनच पहिला बदल सीपीयूला लगाम घालण्याचा. लॅपटॉपसोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये कस्टम मोड घेऊन सीपीयूची दीर्घकालीन मर्यादा १० वॉटच्या पायऱ्यांनी खाली आणायची, दरवेळी एकाच गेममधला एकच प्रसंग पळवायचा. १६०० पिक्सेल उंचीच्या रेझोल्यूशनवर बहुतेक गेम जीपीयूवर अडलेले असतात, त्यामुळे ८० वॉटपर्यंत फ्रेम जवळजवळ हलत नाहीत आणि पंख्यांचा आवाज मात्र लक्षात येण्याइतका उतरतो. कमी सेटिंगवर दोनशेच्या वर फ्रेम पळवणाऱ्या स्पर्धात्मक गेममध्ये हे चालत नाही; तिथे सीपीयूच अडतो, आणि मर्यादा खाली आणली की बारीक झटके आधी दिसतात, सरासरी नंतर पडते.

जीपीयूचं अंडरव्होल्टिंग (त्याच वेगाला कमी व्होल्टेज देणं) आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये. कंट्रोल आणि एफ दाबून कर्व्ह (व्होल्टेज आणि घड्याळाचा आलेख) उघडायचा, ९०० मिलिव्होल्टजवळचा बिंदू हवा त्या घड्याळापर्यंत उचलायचा आणि त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू त्याच पातळीवर सपाट करायचे. मर्यादा वॉटचीच असल्याने कमी व्होल्टेजवर उलट घड्याळ वर टिकतं. ‘विंडोजसोबत लागू करा’ची खूण मात्र चार-सहा वेगवेगळे गेम तासन्‌तास टिकल्यावरच. नाहीतर अस्थिर कर्व्ह साइन-इन होताहोताच लागू होतो आणि सेफ मोडमध्ये जाऊन तो उपटत बसावं लागतं. रे ट्रेसिंगचा गेम चाचणीत हवाच. साध्या गेममध्ये ठणठणीत वाटणारा कर्व्ह तिथे पहिल्याच मिनिटाला कोसळतो. सीपीयूचं अंडरव्होल्टिंग २०१९ च्या प्लंडरव्होल्ट या सुरक्षा-त्रुटीनंतर अनेक लॅपटॉपांत बंदच असतं. बायॉसमध्ये पर्याय दिसला तर करावं, नाहीतर वॉटची मर्यादा पुरते.

मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचलली की तळातून हवा ओढायला वाट मिळते. पंख्यांच्या कूलिंग पॅडआधी हे करून बघा.

स्क्रीन आणि जोडण्या

अठरा इंचांवर हे रेझोल्यूशन म्हणजे इंचाला साधारण १६८ पिक्सेल. विंडोजचं स्केलिंग १५० टक्क्यांवर बरं वाटतं. मक्स स्विच (स्क्रीन थेट जीपीयूला जोडणारा) कुठे आहे ते शोधा. हायब्रिड मोडमध्ये फ्रेम सीपीयूमधल्या आतल्या ग्राफिक्सकडून फिरून स्क्रीनवर येते, आणि फ्रेम जितक्या जास्त तितका तोटा जास्त. बाहेरचा मॉनिटर लावणाऱ्यांनी कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्सच्या पानावर कोणता पोर्ट कोणत्या चिपला जोडलाय तेही बघावं. एचडीएमआय सहसा थेट ५०८० ला असतो; तिथे मॉनिटर लावला की ५०८० झोपतच नाही आणि काहीही न करताना पंखा फिरत राहतो.

मेन्यूमध्ये बारीक चिरचिर ऐकू आली तर ती कॉइल व्हाइन, म्हणजे विजेच्या कॉइलच्या कंपनाचा आवाज. मेन्यू हजारभर फ्रेम काढत असतो. ड्रायव्हरमधून फ्रेमची कमाल मर्यादा घातली की बहुतेक वेळा थांबते. जी-सिंक, व्ही-सिंक (फ्रेम स्क्रीनशी जुळवणारे) आणि रिफ्लेक्स (विलंब कमी करणारा) तिन्ही चालू असतील तर २४० हर्ट्‌झवर फ्रेम २२५ च्या आसपासच थांबतात. तो बिघाड नाही.

बॅटरी

९९ वॉट-अवरची. याहून मोठी न बसवण्याचं कारण विमानप्रवासाची १०० वॉट-अवरची मर्यादा. बॅटरीवर गेम खेळायचा विषयच नाही, तेवढे वॉट ती देऊच शकत नाही. कायम प्लगला राहणाऱ्या मशीनमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर, जमल्यास ६० वर ठेवा. पूर्ण भरलेली आणि गरम राहणारी लिथियम बॅटरी फुगते. टचपॅड एका कडेने वर आलेला दिसला की वापर तिथेच थांबवायचा. यूएसबी-सीचा १०० वॉटचा चार्जर लिखापढीला पुरतो, गेमला नाही. आणि मूळ अडॅप्टर लावूनही खेळताना टक्के घटत असतील तर आधी पिन पूर्ण आत गेलीय का ते बघा.

उघडताना

दुसरा एसएसडी घालायचा तर बायॉसमधून बॅटरी बंद करण्याचा पर्याय घ्या, अडॅप्टर काढा, पीएच० स्क्रूड्रायव्हर वापरा. तळाचे स्क्रू ज्या जागेवरून निघाले त्याच मांडणीत कागदावर चिकटवा. मागच्या बिजागरीकडचे बहुधा लांब असतात आणि लांब स्क्रू पुढे बसवला तर पाम-रेस्टला आतून फोड येतो. झाकण निघालं की पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर, मग बाकी सगळं. थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म सोलायला विसरू नका. आणि एसएसडीला दोन्ही बाजूंना चिपा असतील तर खालच्या पॅडची जाडी आधी बघा, नाहीतर ड्राइव्ह कमानीसारखा वाकून बसतो.

पुढच्या नोंदीत ६४ जीबी रॅम, आणि जीपीयूचा कर्व्ह ८५० मिलिव्होल्टवर टिकतो का ते.