पूर्णेच्या मामांना अल्टूना सांगताना

"तिकडं बी जंक्शन हाय म्हणं?" सुट्टीला परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेला आलो की मामांचा पहिला प्रश्न हाच. पगार, घर, बर्फ हे बाकीच्यांनी विचारायचं. मामा मीटर गेजच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, काळातले, लोको शेडातले (इंजिनं दुरुस्तीच्या) फिटर. गाव कसंय हे त्यांना शेडवरून कळतं.

मी राहतो ते पेनसिल्व्हेनियातलं अल्टूना. पूर्णा नदीकाठचं जुनं गाव, रेल्वे मागाहून आली. अल्टूनाचं उलटं. 1849 मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीने ते स्वतःच्या सोयीसाठी वसवलं. सोय कसली, तर समोरचा ॲलेघेनी डोंगर. पिट्सबर्गकडे निघालेली गाडी एका इंजिनाला चढवत नाही, मग जास्तीची लावायची.

"बँकर! म्हंजे कसारा की रे." चढावर मागून ढकलायला लावतात त्या जास्तीच्या इंजिनाला बँकर म्हणतात. मामांनी एका शब्दात शहराचा इतिहास उरकला. इंजिनं ठेवायला जागा, दुरुस्तीला शेड, शेडातल्यांना घरं, घरांना दुकानं, असं ते वाढत गेलं.

त्याआधी, 1834 पासून, याच डोंगरावर दहा उतरणी होत्या आणि दोरांनी डबे वर ओढायचे. कालव्यातल्या होड्यासुद्धा गाड्यावर चढवून डोंगरापलीकडे न्यायचे. यावर मामींचा अजूनही विश्वास नाही. 1854 मध्ये घोड्याच्या नालेसारखं वळण तयार झालं आणि दोरांचं काम संपलं. आयरिश मजुरांनी ते टिकाव-फावड्याने खणलं. गाडी दरीच्या एका कडेने आत शिरते आणि समोरच्या कडेने, बरीच वर चढून, बाहेर येते. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, जर्मनीने पाठवलेल्या घातपात्यांच्या यादीत हे वळण होतं. ते आधीच पकडले गेले. मामांना मात्र चढ किती ते हवं होतं. साधारण 55 ला 1, म्हणजे 55 फूट पुढं गेलं की एक फूट वर, म्हणालो. "कसारा 37 ला 1," म्हणाले आणि सुपारी कातरू लागले. अमेरिका तिथंच हरली.

शहराची मांडणी पूर्णेच्या माणसाला सांगावी लागत नाही. मधोमध रूळ, गाव दोन्हीकडं, ये-जा पुलावरून. रुळांना समांतर ते अव्हेन्यू, आडवे ते स्ट्रीट, आणि नावांऐवजी नुसते आकडे. पण मोहल्ल्यांना नावं आहेत, आणि कोण कुठून आलं ते त्यांतून कळतं. डच हिल म्हणजे जर्मनांची टेकडी, 'डॉइच'चं बोलता बोलता डच झालेलं. लिटल इटली इटालियनांची. उत्तरेला जुनियाटा, पूर्वी स्वतंत्र गाव; तिथं इंजिनांचा मोठा कारखाना आला आणि पुढे ते शहरात मिसळलं. टेकड्या इतक्या, की काही गल्ल्यांत बर्फ पडला की मी गाडी खालीच लावतो. वरच्या ओसरीतून खालचं यार्ड दिसतं. आमच्याकडं क्वार्टरच्या टाइपवरून साहेब कोण आणि खलाशी कोण ते कळायचं, तिथं काम चढावरून भागतं असं माझं आपलं मत.

कारखान्यांनी मिळून 6,000 हून जास्त इंजिनं बांधली. त्याहून मला नवल वाटतं प्रयोगशाळेचं. चार्ल्स डडली नावाचा रसायनतज्ज्ञ 1875 मध्ये कंपनीने नेमला. तो रुळांचं पोलाद, वंगण, रंग, सगळं तपासून घ्यायचा. पुढे मालाची प्रमाणं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचा तो पहिला अध्यक्ष झाला. हे ऐकून मामा खुशीत आले. आयुष्यभर भेसळीच्या ग्रीसने हात काळे केलेल्या माणसाला याचं मोल कळतं.

1930 च्या जनगणनेत शहराची वस्ती 82,000 होती. आज 44,000 च्या आसपास. डिझेल आलं, वाफेच्या इंजिनावरचे हात रिकामे झाले. कंपनी 1968 मध्ये दुसरीत विलीन झाली आणि दोनच वर्षांत नव्या कंपनीचं दिवाळं निघालं. मी हे भराभर सांगितलं, कारण मामा गप्प झाले होते. मीटर गेज जाऊन ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची लाइन, आली तेव्हा गावाने पेढे वाटले, त्यांनीही वाटले. शेडाचं काय होणार हे पेढे वाटताना कुणी विचारलं नव्हतं.

"आता काहीच नाही का तिथं?"

आहे. जुनियाटाचा कारखाना चालू आहे, इंजिनं दुरुस्त होतात. मुख्य यंत्रज्ञाच्या कचेरीच्या जुन्या इमारतीत संग्रहालय आहे. मालगाड्या रात्रंदिवस. प्रवासी गाडी मात्र दिवसातून एक जाणारी, एक येणारी.

"एकच? आन् आमी इथं नांदेडकडं जायला गाडी कमी म्हणून भांडायलोत!"

मग मोबाइलवर वळणावर काढलेला व्हिडिओ लावला. चष्मा सापडेना, म्हणून मामांनी फोन कानाला लावला. दोन मिनिटं डब्यांचा खडखडाट. पडद्यावर अजून डबेच चालले होते, शेपूट यायची होती.

"मागं दोन लावलेत," मामा म्हणाले. "एक नीट ओढंना झालंय. ऐक."

मी ऐकलं. मला दोन्ही सारखीच वाटली.