फक्कीच्या रेघा आणि आमसुलं

दोघा भावांतल्या धाकट्यांनी बागेसाठी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या यादीत १७ गोष्टी होत्या. लॉन, कारंजं, गझिबो, पांढरे गोटे, फॉक्सटेल पामची रांग, पायवाटेला दिवे, बार्बेक्यूचा कट्टा, बैलगाडीचं चाक आणि शोभेची विहीर. बाकीच्या आता आठवत नाहीत. खरी विहीर घरामागे ३० पावलांवर होती. चाकही गोठ्यात होतं, पण एकच. त्याचा जोडीदार कुठे गेला हे थोरल्यांनाही सांगता येत नव्हतं.

मी दापोलीला उद्यानविद्या शिकले आणि चिपळूणला छोटी नर्सरी काढली. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिच्यावरून वाशिष्ठी गेली. पुन्हा उभी करताना नुसती रोपं विकून भागेना, म्हणून बागा आखून द्यायला लागले. गिऱ्हाईक बहुतेक मुंबईकर. वडिलोपार्जित घर दुरुस्त करून झालं की त्यांचं लक्ष अंगणाकडे वळतं. प्रत्येकाकडे मोबाईलमध्ये जमवलेले फोटो असतात, आणि त्यांतली निम्मी बाग बंगळुरूची, निम्मी बालीची असते. त्यात वाईट काही नाही. माणूस फोटो दाखवतो तेव्हा त्याला सांगायचं असतं वेगळंच, ते काय आहे हे शोधणं माझं काम.

हे घर गुहागर तालुक्यातलं, पालशेतहून वेळणेश्वराकडे जाताना सड्याच्या उतारावरचं. समुद्र मागे, पश्चिमेला, किलोमीटरभर खाली. घराचं तोंड पूर्वेला, म्हणजे डोंगराकडे. पुढे मोठं खळं, म्हणजे अंगण, खळ्याला तिन्ही बाजूंनी जांभ्याचा कोरडा रचलेला गडगा, कोपऱ्यात जुना रायवळ आंबा. थोरले आणि वहिनी गावी राहतात. धाकटे डोंबिवलीचे, नुकतेच निवृत्त झालेले. पैसे धाकट्यांचे, घर दोघांचं. असं काम हाती घेताना मी थोडी सावध असते.

मेचा तिसरा आठवडा होता. आराखडा आधी काढून ठेवलेला, त्या दिवशी फक्त जमिनीवर आखणी करायची होती. मी आणि माझे दोन गडी सकाळी नऊला पोचलो तर खळ्यात पाय ठेवायला जागा नाही. पत्रे, चटया, जुनी धोतरं, आणि त्यांवर वाळत घातलेली आमसुलं. रातांब्यांचा हंगाम ऐन भरातला. सोलं मिठाच्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, पुन्हा बुडवायची. वहिनींचं तिसरं पुट चालू होतं.

"ताई, तुमची ती पांढरी पूड माझ्या आमसुलांवर उडता कामा नये," हे त्यांचं पहिलं वाक्य.

म्हणून आम्ही फक्की ओंजळीने, अगदी जमिनीलगत टाकत गेलो. गझिबोचा अष्टकोन खळ्याच्या दक्षिणेला. लॉनची कड नागमोडी. कारंज्याचं वर्तुळ नेमकं दोन पत्र्यांच्या मध्ये आलं. धाकटे बर्म्युडा घालून मागे मागे फिरत होते आणि खूश होते. गाडीच्या डिकीत त्यांनी पांढऱ्या गोट्यांच्या दोन गोणी आणल्या होत्या. मुठीएवढे, गुळगुळीत, बरेच महाग. मला न विचारता आणल्या होत्या, पण मी काही बोलले नाही.

वहिनी पडवीच्या पायरीवर बसून बघत होत्या. अकराच्या सुमारास चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मला एकदा वाचून दाखवा काय काय करणार ते."

मी वाचायला लागले. प्रत्येक गोष्टीवर त्यांचा प्रश्न एकच.

"झाडणार कोण?"

पांढरे गोटे आंब्याखाली अंथरायचे होते. "आंब्याचा पाला रोज दोन टोपल्या पडतो. गोट्यांतून तो काढणार कोण? मोहर गळतो, चिकटा गळतो, मग पांढरं राहील का ते?" कारंजं. "आटलं की त्यात डास. बंद असतं तेव्हाही पाणी असतंच ना?" गझिबो. "ह्याच्यात बसणार कोण? पडवी आहे की."

"वहिनी, पडवीतून बाग दिसते. गझिबोतून घर दिसेल," धाकटे म्हणाले.

हे मला आवडलं होतं, खरं सांगते. त्या माणसाला लहानपणीचं घर लांब बसून बघायचं होतं. पण वहिनींनी चहाचे कप गोळा केले आणि म्हणाल्या, "भावोजी, घर बघायला वर्षातून आठ दिवस येता. बाकीचे दिवस त्याच्यात कोंबड्या बसतील."

वहिनींचं सगळंच मला पटत होतं असं नाही. त्यांना स्वतःला हवं होतं ते म्हणजे सगळं खळं पेव्हर ब्लॉकने बंद करणं. चिखल नाही, गवत नाही, सारवणं नाही, झाडू मारला की झालं. वर्षानुवर्षं दिवाळीआधी खळं खणून, चोपून, सारवून ज्यांची कंबर गेली त्यांना हे वाटणारच. पण आमसुलं वाळवायला त्या जागेइतकं चांगलं काही नाही हेही त्यांनाच ठाऊक. दोन्ही एकदम बोलत होत्या.

दीडच्या सुमारास डोंगरामागे काळं झालं. वारा आधी पडला, मग एकदम फिरला.

पुढची दहा मिनिटं कुणी कुणाचं गिऱ्हाईक नव्हतं. थोरले पत्र्यांकडे धावले, गडी चटयांकडे. मी ओढणीत आमसुलं भरली. धाकट्यांनी एक अख्खं धोतर चारी टोकं धरून उचललं आणि त्यातला रस त्यांच्या शर्टावर सांडला. वहिनींनी प्लास्टिकचा मोठा कागद आणला, तो शेवटच्या ढिगावर टाकला, आणि वाऱ्याने तो थेट आंब्यात नेऊन अडकवला. वर ठेवायला हाताशी दगड नव्हता, कारण सकाळी आखणीला अडचण नको म्हणून आम्हीच ते उचलून गडग्याशी टाकले होते. टोपलीभर आमसुलं भिजली. वहिनी मला काही बोलल्या नाहीत, त्याचं मला जास्त लागलं.

मग सगळे पडवीत. हात कोपरापर्यंत लाल. कौलांवरून पागोळ्या सुरू झाल्या, बघता बघता त्यांच्या धारा झाल्या. आणि खळ्यात सकाळपासून आखलेलं सगळं वाहायला लागलं.

आधी मला फक्त अडीच तासांची मेहनत वाया जाताना दिसली. मग थोरले म्हणाले, "बघा, कशी जाते ती."

अष्टकोन फुटला होता. त्याची पांढरी रेघ दुधासारखी पसरत सरळ आमच्याकडे, पडवीकडे येत होती. लॉनच्या कडेची फक्कीही वरून तिला येऊन मिळाली. सगळं पांढरं पाणी जोत्यापाशी आलं, तिथे दक्षिणेला वळलं, जोत्याच्या कडेकडेने गेलं, त्यात पागोळ्यांचं पाणी मिसळलं, आणि गडग्याच्या तळाशी दोन चिरे मुद्दाम न बसवलेल्या भोकातून बाहेर पडलं. लाल मातीवर पांढऱ्या रेघेने पाण्याने आपला नकाशा काढून दाखवला. माझ्या कागदावर गझिबोचा चौथरा त्या वाटेच्या बरोबर मधोमध होता. लॉनसाठी मी नऊ इंच मातीचा भराव धरला होता, तो झाला असता तर पाणी जोत्यावरून पडवीत आलं असतं. आणि गडग्याच्या जागी धाकट्यांना सात फुटी सिमेंटची भिंत हवी होती. त्यात ते भोक बुजलं असतं.

लेव्हल पाइप लावून उतार मी मोजला होता. आकडे बरोबर होते. पण डोंगराकडे तोंड असलेल्या घराचं खळं म्हणजे घराच्या अंगावर येणारा उतार, एवढी साधी गोष्ट मी उन्हात उभी राहून विसरले. तीसुद्धा पुरात नर्सरी गेलेली बाई.

पाऊस अर्ध्या तासात थांबला. मी वहीची मागची बाजू काढली आणि धाकट्यांना हिशोब मांडून दाखवला, कारण ते बँकेत होते आणि आकड्यांवर त्यांचा विश्वास. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. छप्पर १४० चौरस मीटर. इकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पडतो, म्हणजे नुसत्या कौलांवरून सव्वाचार लाख लिटर. आणि एवढं पाणी अंगावरून जाऊनही मेमध्ये विहिरीत कळशी तळाला घासते. आता लॉन. १५० चौरस मीटरला उन्हाळ्यात चौरस मीटरमागे पाचेक लिटर धरलं तर रोज ७५०.

"साडेसातशे? रोज?" धाकट्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"मला बघू नका, मी ओढणार नाही," वहिनी म्हणाल्या.

त्या पडवीत संध्याकाळी पाचपर्यंत बसून आम्ही यादी पुन्हा केली, या वेळी पाण्यापासून. पहिली गोष्ट चर. खळ्याच्या वरच्या कडेला एक, जोत्यालगत एक, दोन्हींना तळाशी जांभ्याचे तुकडे, आणि दोन्ही घराला दक्षिणेकडून वळसा घालून विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्ड्यात. गोठा आणि संडासाची टाकी उत्तरेला, म्हणून ती बाजू टाळली. पहिल्या दोन-तीन पावसांचं घाण पाणी बाहेर सोडायला फळीचं दार. यादीत नसलेल्या या एका कामाला सगळ्यांत जास्त पैसे लागले, आणि फोटोत ते दिसतही नाही.

गडगा ठेवला. कोरड्या गडग्यातून पाणी झिरपतं, सिमेंटच्या भिंतीमागे तुंबतं. वाऱ्याचंही तसंच आहे. भरीव भिंतीवर आपटलेला वारा वरून उडी मारून आत भोवरा करतो, झाडांच्या रांगेतून तो गाळून, मंदावून येतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनला धडकलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झालेल्या मी पाहिल्यात, त्यामुळे पश्चिमेच्या बाजूला शोभेचे पाम लावायला माझा हात धजत नाही. तिथे उंडी, करंज आणि भेंड. खारं वारं त्यांना सोसतं.

पायवाट जांभ्याची, पण टाकी मारलेल्या खरबरीत दगडाची, सांधे उघडे. गुळगुळीत जांभ्यावर श्रावणात शेवाळ धरतं आणि मग घरातलं वयस्क माणूस आधी पडतं. आंब्याला पार हवा होता थोरल्यांना. तो दिला, मात्र बुंध्यापासून चार फूट सोडून आणि आत मातीचा भराव न घालता. बुंध्यावर माती चढवली की साल कुजते, आणि मग दहा वर्षांनी म्हणतात, झाडाला कुणाची नजर लागली.

सुगंधाच्या झाडांवर मात्र मी अर्धा तास घालवला, कारण ते माझं आवडतं काम. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री डोंगराकडून समुद्राकडे जातो. घराचं तोंड डोंगराकडे, म्हणजे रात्रीचा वास पडवीत हवा असेल तर झाड खळ्याच्या पलीकडे, वरच्या कडेला पाहिजे. प्राजक्त, अनंत, रातराणी तिथे. सोनचाफा मागे, पश्चिमेला, त्याचा वास दिवसा खिडकीतून येईल. पायवाटेचे १४ दिवे कमी करून दोन केले, तेही खाली तोंड केलेले. काजव्यांचे दिवस जवळ आले होते, आणि धाकट्यांनी त्यांच्याबद्दल स्वतःच आठवण काढली.

पेव्हरवर मी हरले. गाडी उभी राहते तेवढ्या पट्ट्यात आणि गोठ्याच्या वाटेवर वहिनींनी ते घालून घेतलेच. खाली सिमेंट न ओतता रेतीवर बसवायचे एवढंच मी मान्य करून घेतलं. मधलं खळं रिकामं. गवत तिथे जूनमध्ये आपोआप येतं, दिवाळीला काढतात, मेमध्ये आमसुलं. हिरवळीचा हट्ट धरणाऱ्या माणसाला चार महिने ती फुकट मिळते.

गझिबोऐवजी खळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या वाटेबाहेर, एक चिऱ्यांचा बसका कट्टा केला. तिथून घर दिसतं. धाकटे आले की तिथेच बसतात, वहिनी तिथे चहा नेऊन देत नाहीत.

जुलैत मी एकदा जाऊन आले. वरचा चर चांगला चालत होता, खालच्याला वळणावर माती साचत होती, तिथे उतार वाढवून घेतला. अनंताच्या कळ्या वानरांनी खाल्ल्या होत्या. त्यावर उपाय विचारू नका.

यंदाच्या मेमध्ये थोरल्यांनी एक फोटो पाठवला. खळ्यात आमसुलं, आभाळ भरलेलं, वर प्लास्टिकचा कागद ताणून घातलेला. कागदाच्या चारी कडांना ओळीने धाकट्यांचे ते महागाचे गोटे ठेवलेले. पांढरे राहिले नव्हते. कोकमाने गुलाबी झाले होते.