तीस सप्टेंबरपर्यंत अडकलेले नाव

बीड जिल्ह्यातील केंद्रप्रमुखासाठी सप्टेंबर हा पटाचा महिना असतो. ३० सप्टेंबर रोजी आधार वैध ठरलेले जितके विद्यार्थी शाळेच्या नावावर असतील, त्यांवरून संचमान्यता होते. म्हणजे कोणत्या शाळेत किती शिक्षक राहतील आणि कोण अतिरिक्त ठरतील, ते ठरते. साहजिकच या महिन्यात कोणताही मुख्याध्यापक आपल्या पटावरचे नाव सहजासहजी सोडत नाही. हे वर्षानुवर्षे पाहिलेले असूनही गेल्या सप्टेंबरमधील एका मुलीचे प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही.

शाळाबाह्य मुलांचा शोध घेत असताना एका वस्तीवर ती भेटली. वय चौदा, आई-वडील ऊसतोड मजूर. "नाव तिकडं हाय म्हणतेत सर, अन् इथं बसू देईनात," आईने सांगितले आणि आतून प्लॅस्टिकची पिशवी आणली. तिच्यात आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स आणि आठवीचे गुणपत्रक होते. गुणपत्रक आमच्या भागातील शाळेचे नसून कृष्णाकाठच्या एका तालुक्यातील शाळेचे होते. वर्गशिक्षकांनी शेऱ्यात लिहिले होते, 'गणितात रस घेते.' हंगामात तेथे गेलेल्या या मुलीला त्या शाळेने वर्गात बसवले, शिकवले आणि परीक्षेलाही बसवले. याबद्दल मला त्या शाळेविषयी आदरच आहे.

मी तिचा पेन क्रमांक, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला मिळणारा कायमचा क्रमांक, टाकून यू-डायस या देशभरातील शाळांच्या ऑनलाइन माहितीप्रणालीतील नोंद पाहिली. नोंदीत बोट ठेवायला जागा नव्हती. दिवाळीनंतर ती टोळीबरोबर गेली तेव्हा आमच्या हायस्कूलने तिचे नाव 'ड्रॉप बॉक्स'मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या पण दुसरीकडे दाखल न झालेल्या मुलांच्या यादीत, टाकले होते. तेथून पेन क्रमांक आणि जन्मतारीख जुळवून नव्या शाळेने ते रीतसर आपल्याकडे घेतले आणि जूनमध्ये वर्गोन्नती देऊन तिला नववीत नेले. आधार वैध, शाळा चालू, विद्यार्थिनी नियमित. प्रत्यक्षात ती हंगाम संपल्यापासून गावी होती आणि आमच्या हायस्कूलने जूनमध्ये केलेली बदलीची विनंती तशीच पडून होती.

ही नोंद किती वरपर्यंत जाते, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. पूर्वी आम्ही डीसीएफ नावाच्या छापील प्रपत्रात इयत्तावार मुलगे किती, मुली किती, एवढेच आकडे भरत असू. तो आकडा कोणाकोणाचा, हे कोणी विचारत नसे. महाराष्ट्रात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या पटपडताळणीत त्या पद्धतीतील बोगस पट उघडा पडला. देशपातळीवर २०२२-२३ पासून नावानिशी नोंद सुरू झाली आणि २०२१-२२ मध्ये २६.५२ कोटी असलेली देशाची शालेय पटसंख्या २५.१८ कोटींवर आली. २०२४-२५ मध्ये ती २४.६९ कोटी होती. या घटीमागे घटता जन्मदरही आहे. पण मोजण्याची रीतच बदलल्याने आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही, आणि तरीही 'कोट्यवधी मुलांनी शाळा सोडली' असे मथळे देणाऱ्यांचा मला संताप येतो. नावानिशी नोंदीचा मी पहिल्यापासून समर्थक आहे. यू-डायसच्या अहवालांत देशातील माध्यमिक स्तरावरील गळती २०२३-२४ मधील १०.९ टक्क्यांवरून पुढच्या वर्षी ८.२ टक्क्यांवर आल्याचे दिसते. तरीही उच्च प्राथमिक स्तरावरील ३.५ टक्क्यांच्या तुलनेत ती दुपटीहून अधिक आहे. आमची ही मुलगी नेमकी त्याच उंबरठ्यावर उभी होती आणि नोंदीत नियमित दिसत असल्याने गळतीच्या टक्क्यांत तिची गणना होणार नव्हती.

मी कृष्णाकाठच्या त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन केला. बोलणे अत्यंत सौजन्याचे झाले. "सर, मुलगी हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. पण एका विद्यार्थ्यावरून माझे एक पद जाते. ३० सप्टेंबर होऊ द्या, एक तारखेला विनंती मान्य करतो," असे ते म्हणाले. मी त्यांना खोटे ठरवू शकलो नाही. पद गेले असते तर दोन विषय शिकवणारा त्यांचा शिक्षक दुसऱ्या तालुक्यात गेला असता, आणि पुढच्या हंगामात येणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या मुलांना कोणी शिकवले असते, हा प्रश्न खराच आहे. मात्र पद वाचवण्याचा भार एका मुलीच्या चार महिन्यांवर टाकणे मला मान्य नाही, आणि तसे मी त्यांना सांगितले.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण हा कायदा आठवीपर्यंतचा. नववीला ते कवच नाही. आमचे हायस्कूल खासगी अनुदानित, त्याला आदेश देण्याचा अधिकारही मला नाही. तेथील मुख्याध्यापकांनी "कोणाच्या लेखी आदेशाने बसवू?" असे विचारले तेव्हा मी शेरेबहीत लिहिले, की मुलीला आजपासून वर्गात बसवावे, नोंद नंतर होईल, आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. तिच्या जूनपासूनच्या कोऱ्या वह्या भरून काढण्यासाठी गणिताच्या बाईंनी मधल्या सुट्टीतला वेळ दिला.

तिकडच्या मुख्याध्यापकांनी शब्द पाळला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात नोंद आमच्याकडे आली. तोपर्यंत वडिलांनी पुढच्या हंगामासाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली होती. आई-वडील तोडीला गेल्यावर मुलांना गावीच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाची सोय आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असल्याने आता तिने आजीजवळ राहायचे की टोळीबरोबर जायचे, यावर त्या घरात बोलणे चालू होते. मी गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी दिले आहे, की स्थलांतरित मुलांचा पट त्या त्या हंगामातील प्रत्यक्ष उपस्थितीवर दोन्हीकडे धरावा, बदलीची विनंती ठरावीक मुदतीत निकाली न निघाल्यास ती आपोआप मान्य व्हावी आणि वसतिगृह दहावीपर्यंत न्यावे. त्या पत्राला अजून उत्तर आलेले नाही.