जनरल रजिस्टर

गेल्या महिन्यात मुख्याध्यापक सरांनी ऑफिसात येऊन सांगितलं, "मॅडम, हायस्कूलला पंचाहत्तर वर्षं होतायत. स्मरणिकेत दोन पानं शाळेच्या इतिहासाला ठेवलीत. जुनं सगळं दप्तर तुमच्याकडंच आहे, तेव्हा तुम्हीच लिहा."

सातारा जिल्ह्यातल्या या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी बावीस वर्षं क्लार्क आहे. मुख्याध्यापकांची यादी, खोल्या कधी बांधल्या, निकाल किती लागला, हे सगळं एका संध्याकाळी लिहून झालं. पण लिहून झाल्यावर वाटलं, यात मुलं कुठं आहेत? मुलं खालच्या कप्प्यात आहेत. लोखंडी कपाटात, लाल रुमालात बांधलेल्या नऊ जनरल रजिस्टरांत.

ज्यांनी हे रजिस्टर कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एका मुलाला एकच आडवी ओळ. अनुक्रमांक, नाव, जन्मठिकाण, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. खाडाखोड चालत नाही. चूक झालीच तर तांबड्या शाईनं दुरुस्ती आणि शेजारी मुख्याध्यापकांची सही.

पहिलं रजिस्टर हायस्कूलच्याही आधीचं, लोकल बोर्डाच्या मराठी शाळेचं. तेव्हा इथं सातवी फायनलपर्यंतच वर्ग होते. त्यातली बरीच पानं मोडीत आहेत. मला मोडी वाचता येत नाही, याचं इतकी वर्षं काही वाटलं नव्हतं. पण २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली आणि तेच रजिस्टर अचानक सगळ्यांना हवं झालं. मोडी जाणणारे एक म्हातारे गृहस्थ दोन दिवस आमच्या ऑफिसात भिंग घेऊन बसले होते. पानं उलटताना ते नावं मोठ्यानं वाचायचे. ज्यांचे पणतू आज आठवीत आहेत, त्या माणसांची नावं त्या खोलीत किती वर्षांनी उच्चारली गेली असतील! मी दाखले लिहायचे थांबवून ऐकत बसले.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि रजिस्टरावरचा शिक्का बदलला. पुढच्या पानांवर शाळा सोडतानाची इयत्ता अकरावी दिसते, कारण तेव्हा मॅट्रिक अकरावीला होती. मार्च १९७५ मध्ये बोर्डाची दहावीची पहिली परीक्षा झाली, आणि तिथून पुढं दहावी.

तिसऱ्या रजिस्टरातलं एक पान मी सगळ्यांना दाखवते. वीस ओळी, आणि त्यातल्या अकरा मुलांची जन्मतारीख १ जून. आईबापांना तारीख सांगता यायची नाही. "मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या साली" एवढंच ते सांगायचे. मग गुरुजी वय बसेल असं साल धरून १ जून लिहायचे. त्या एका अंदाजावर पुढं सगळं आयुष्य चालतं. त्यातले जे सरकारी नोकरीत गेले ते ३१ मेला निवृत्त झाले. दर मे महिन्यात एवढे निरोप समारंभ का होतात, त्याचं उत्तर या पानावर आहे. जन्मतारीख लिहिताना माझा हात अजूनही जरा थांबतो तो यामुळंच.

दरवर्षी ७ नोव्हेंबरला शाळेत विद्यार्थी दिवस होतो, २०१७ पासून. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, पहिल्या इंग्रजी इयत्तेत एक मुलगा दाखल झाला. रजिस्टरात क्रमांक १९१४ समोर नाव आहे भिवा रामजी आंबेडकर. मुलांना मी त्या दिवशी भाषण करत नाही. आमचं रजिस्टर उघडते आणि दाखवते, की बाबासाहेबांचीही अशीच एक ओळ आहे. त्या मुलाला वर्गात घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागायचं, पाण्याच्या भांड्याला हात लावता यायचा नाही. ते रजिस्टरात लिहिलेलं नाही. रजिस्टरात त्याची ओळ मात्र बाकीच्यांच्या ओळींइतकीच उंच, त्याच रांगेत. मुलं हे फार नीट ऐकतात. एका पोरीनं विचारलं होतं, "मॅडम, मग माझा नंबर किती?" तेव्हापासून मी प्रत्येकाला त्याचा नंबर सांगते.

सगळ्यात जड रकाना म्हणजे शाळा सोडल्याचं कारण. पालकांची बदली, उत्तीर्ण, घरगुती अडचण. आणि मुलींपुढं, पानामागून पान, "सतत गैरहजर". एसटीचा मोफत पास मिळायला लागल्यावर वाडीवस्तीवरच्या मुली दहावीपर्यंत टिकताना मी डोळ्यांनी पाहिल्या. जूनमध्ये माझ्या खिडकीशी पासाच्या फॉर्मांची जी झुंबड उडते, तिच्याइतकं मला वर्षात दुसरं काही आवडत नाही. दुपारचा डबा राहतो, शिक्का मारून मनगट दुखतं, तरी आवडतं.

परवा एक बाई आल्या. शेजारी पाचवीतला मुलगा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचंय, त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. "आठवीतनं सोडली होती," एवढंच बोलल्या. साल नीट आठवत नव्हतं. सातव्या रजिस्टरात अर्धा तास शोधल्यावर ओळ सापडली. अक्षर माझंच. कारणाच्या रकान्यात मीच लिहिलं होतं, सतत गैरहजर. ती गैरहजर का होती हे तेव्हा विचारल्याचं मला आठवत नाही. आता विचारलं. धाकटा भाऊ पाळण्यात होता, आई मजुरीला जायची.

बाईंनी रजिस्टर आपल्याकडं वळवून घेतलं. नावावर बोट ठेवलं आणि एकेक रकाना वाचत पुढं नेलं. मुलगाही वाकून बघत होता. मधेच बोट थांबलं.

"मॅडम, वर्तणूक म्हणजे काय लिवलंय हितं?"

"चांगली," मी म्हणाले.

त्यांनी मुलाकडं पाहिलं. "वाच," म्हणाल्या, आणि त्यानं ते मोठ्यानं वाचलं.